होमकमिंग : माजी विद्यार्थ्यांच्या माहेरपणाचा सामना

होमकमिंग हा अमेरिकेतील महाविद्यालये व विद्यापीठे यांचा वार्षिक सोहळा. शिक्षण संपवून बाहेर पडलेले विद्यार्थी ठरलेल्या आठवड्यात आपल्या संस्थेत परततात आणि शनिवारी घरच्या मैदानावर विद्यापीठाच्या संघाचा फुटबॉल सामना पाहतात. मिरवणूक, वाद्यवृंद, शेकोटी, भाषणे आणि पंगती या साऱ्यांचा केंद्रबिंदू हा सामनाच असतो. गोमंतकीय वाचकाला याचा दाखला दूर शोधायला नको. चवथीला मुंबई, पुणे आणि आखातातून माणसे मूळ घरी येतात, बंद दारे उघडतात, वर्षभर न भेटलेली भावंडे एका पंक्तीला बसतात. अमेरिकेत या मूळ घराची जागा बऱ्याच अंशी महाविद्यालयाने घेतली आणि परतण्याचे निमित्त फुटबॉलने पुरवले.

मात्र या सोहळ्यात एक विसंगती पहिल्यापासून आहे. माहेरी येणारे असतात ते शिकून बाहेर पडलेले, नोकरीधंद्यात स्थिरावलेले लोक. त्यांच्या आनंदाचा भार वाहतात ती अजून वर्गात बसणारी, अठरा ते बावीस वर्षांची मुले. होमकमिंगचा इतिहास समजून घेताना ही दोन्ही माणसे डोळ्यांसमोर ठेवावी लागतात.

खेळ कोणता?

येथे फुटबॉल म्हणजे फातोर्ड्याच्या मैदानावर खेळला जातो तो खेळ नव्हे. अमेरिकी फुटबॉल लांबट चेंडूने, मुख्यतः हातांनी खेळतात. प्रत्येक बाजूला एका वेळी ११ खेळाडू असतात. मैदानाची मुख्य लांबी १०० यार्ड असून सामना १५ मिनिटांच्या चार भागांत होतो. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम पट्ट्यात नेला की टचडाउन होतो व सहा गुण मिळतात. चेंडू लाथेने उंच दांड्यांमधून पाठवला तर तीन गुण मिळतात.

या खेळाचा जन्मच महाविद्यालयात झाला. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीतील न्यू ब्रन्सविक येथे रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला. प्रत्येक बाजूला २५ खेळाडू होते, नियम आपल्या ओळखीच्या फुटबॉलला जवळचे होते आणि रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. पुढे येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प यांनी १८८० नंतरच्या काही वर्षांत नियम बदलत नेले आणि आजच्या अमेरिकी फुटबॉलचा सांगाडा तयार झाला.

तो सांगाडा हिंस्र होता. खेळाडू एकमेकांच्या हातात हात गुंफून प्रतिपक्षावर झुंडीने तुटून पडत. १९०५च्या हंगामात मृत्यूंची संख्या इतकी वाढली की, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारण्यास सांगितले. १९०६मध्ये चेंडू हाताने पुढे फेकण्यास परवानगी मिळाली आणि खेळाडूंची गर्दी मैदानभर पांगली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या नियामक संघटनेला १९१०मध्ये राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना, म्हणजे एनसीएए, हे नाव मिळाले. होमकमिंगचा उगम नेमका याच काळातला आहे.

पहिला मान कोणाचा?

या मानावर प्रामुख्याने तीन विद्यापीठे दावा सांगतात. टेक्सासमधील वेको येथील बेलर विद्यापीठाने नोव्हेंबर १९०९मध्ये माजी विद्यार्थ्यांना बोलावले. संगीत, मिरवणूक, शेकोटी आणि भाषणे झाली. सामना टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाशी होता. ती संस्था तेव्हा वेकोतच होती, त्यामुळे प्रतिस्पर्धी गावातलाच होता. बेलरने तो ६-३ असा जिंकला. मात्र हा सोहळा पुढे लगेच वार्षिक झाला नाही.

इलिनॉय विद्यापीठाचा दावा सातत्यावर उभा आहे. तेथील क्लॅरेन्स विल्यम्स आणि एल्मर एकब्लॉ या दोन विद्यार्थ्यांनी ही कल्पना मांडली. १५ ऑक्टोबर १९१० रोजी शिकागो विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याला माजी विद्यार्थी जमले आणि इलिनॉयने ३-० असा विजय मिळवला. शिकागोचे प्रशिक्षक होते त्या काळातील सर्वांत नामवंतांपैकी एक, अमोस अलोंझो स्टॅग.

तिसरा दावा मिसुरी विद्यापीठाचा. मिसुरी आणि कॅन्सस ही शेजारची राज्ये. यादवी युद्धाच्या आधीपासून गुलामगिरीच्या प्रश्नावर या सीमेवर रक्त सांडले होते आणि दोन विद्यापीठांच्या सामन्यांत त्या वैराची आठवण टिकून होती. हे सामने प्रामुख्याने कॅन्सस सिटी या मोठ्या शहरात, म्हणजे दोघांच्याही घरापासून दूर होत. १९११मध्ये सामने विद्यापीठाच्या आवारातच व्हावेत असा नियम आला. कोलंबियासारख्या लहान गावात एवढी गर्दी येईल का, ही शंका होती. तेव्हा क्रीडा संचालक चेस्टर ब्रूअर यांनी माजी विद्यार्थ्यांना घरी येण्याचे आवाहन केले. २५ नोव्हेंबर १९११ रोजी नऊ ते दहा हजार लोक जमले आणि सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. तिकडे कॅन्ससमधील लॉरेन्स गावात हजाराहून अधिक लोक रस्त्यावर उभे होते. तारेने येणाऱ्या बातमीनुसार मोठ्या फलकावर चेंडूची जागा हलवली जात होती आणि लोक त्या फलकाकडे पाहून जल्लोष करत होते.

या दाव्यांचा निकाल लावण्याची गरज नाही. तिन्ही ठिकाणी घटक तेच दिसतात : घरचे मैदान, ठरलेली तारीख, ओळखीचा प्रतिस्पर्धी आणि नावानिशी बोलावलेली माणसे. पुढील दशकात ही प्रथा देशभर पसरली. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी इलिनॉयच्या होमकमिंगला पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेल्या मैदानाचा अर्पणविधी झाला. त्या दिवशी रेड ग्रेंज या खेळाडूने बलाढ्य मिशिगनविरुद्ध पहिल्या १२ मिनिटांत चार टचडाउन केले. इलिनॉयने सामना ३९-१४ असा जिंकला आणि होमकमिंगच्या दंतकथांत या दिवसाला कायमचे स्थान मिळाले.

सामन्यापूर्वीचा आठवडा

महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम ऑगस्टअखेरीस सुरू होऊन नोव्हेंबरअखेरीस संपत येतो. मोठ्या विद्यापीठांचा संघ नियमित हंगामात साधारण १२ सामने खेळतो. त्यांपैकी घरच्या मैदानावरचा एक, बहुधा ऑक्टोबरमधला, होमकमिंगसाठी निवडला जातो. थंडी कडक झालेली नसते आणि नव्या वर्षाचे विद्यार्थी रुळलेले असतात. शक्यतो तुलनेने दुबळा प्रतिस्पर्धी निवडण्याकडे कल असतो, कारण परतलेल्या पाहुण्यांना पराभव दाखवून परत पाठवणे कोणालाच नको असते. हे प्रतिस्पर्ध्यालाही कळते. आपल्याला होमकमिंगला बोलावले म्हणजे आपल्याला सोपे समजले, असे मानून तो पेटून येतो. म्हणून प्रशिक्षक या आठवड्यात मुलांना पहिली ताकीद देतात ती गाफील न राहण्याची.

तयारी रविवारी सुरू होते. आदल्या दिवशीच्या सामन्याचे चित्रीकरण पाहून चुका मोजल्या जातात आणि दुखापतींवर उपचार होतात. मंगळवार व बुधवार हे कष्टाचे दिवस. शिरस्त्राण व खांद्यांची कवचे घालून पूर्ण जोमाने सराव होतो. संघातील राखीव मुलांची एक तुकडी प्रतिस्पर्ध्याच्या डावांची नक्कल करते. या मुलांना शनिवारी मैदानावर उतरण्याची संधी क्वचितच मिळते. तरी आठवडाभर दुसऱ्या संघाचे सोंग घेऊन मुख्य खेळाडूंच्या धडका तीच झेलतात. संघाच्या यशात त्यांचा वाटा मोठा असतो, पण गुणफलकावर त्याची नोंद होत नाही.

गुरुवारी सराव हलका होतो. शुक्रवारी कवचांशिवाय, चालण्याच्या वेगाने सगळे डाव एकदा उजळले जातात. गावात मिरवणूक निघते आणि जल्लोष सभा भरते, तेव्हा मोठ्या संघांतील मुले बहुधा बैठकीत असतात. अनेक संघ सामना घरच्या मैदानावर असला तरी आदली रात्र हॉटेलात काढतात. पाहुणे घरी येतात त्या रात्री घरचीच मुले घराबाहेर झोपतात.

अभ्यास सुटत नाही. एनसीएएच्या नियमानुसार हंगामात खेळाडूकडून आठवड्याला २० तासांहून आणि दिवसाला ४ तासांहून अधिक सक्तीचा सराव घेता येत नाही. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुटी द्यावी लागते. पण सामन्याचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत चालला तरी तो तीनच तासांचा मोजला जातो. प्रवास आणि उपचारांचा वेळ हिशेबात येत नाही. ऑक्टोबर हा सत्राच्या मध्यावरील परीक्षांचाही काळ असतो. त्यामुळे होमकमिंगच्या आठवड्यात चित्रीकरणाच्या खोलीतून उठून प्रश्नपत्रिका सोडवायला जाणारे खेळाडू हे दृश्य नेहमीचे आहे.

मैदानाबाहेरचा सोहळा

प्रेक्षागृह भरण्याच्या कितीतरी आधी वाहनतळ भरतात. मोटारींच्या मागच्या झडपा उघडून लोक शेगड्या पेटवतात, मांस भाजतात आणि जुन्या मित्रांना हाका मारतात. विद्यार्थ्यांमधून होमकमिंगचे राजा-राणी निवडले जातात. माजी वादक आपापली वाद्ये घेऊन आजच्या वाद्यवृंदात सामील होतात. मिशिगनच्या मैदानाची अधिकृत आसनक्षमता १,०७,६०१ आहे. लहान महाविद्यालयात दोन-चार हजार प्रेक्षक असतात. गर्दीचे मान वेगळे असले तरी रीत तीच असते.

कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठांत या सोहळ्याला वेगळे वजन आहे. वर्णभेदाच्या काळात दक्षिणेतील इतर विद्यापीठांची दारे बंद असताना हीच विद्यापीठे त्यांचे हक्काचे घर होती. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९२४पासून होमकमिंगची परंपरा सांगितली जाते. नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी विद्यापीठ आपल्या होमकमिंगला जगातील सर्वांत मोठे होमकमिंग म्हणवते. येथे मध्यंतरात कोणी जागेवरून उठत नाही, कारण वाद्यवृंदाचे सादरीकरण सामन्याइतकेच महत्त्वाचे असते. फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाच्या मार्चिंग हंड्रेड या वाद्यवृंदाला १४ जुलै १९८९ रोजी फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीच्या संचलनासाठी पॅरिसला निमंत्रण होते. गायिका बियॉन्से यांनी २०१९च्या आपल्या माहितीपटाला होमकमिंग हे नाव दिले ते याच परंपरेवरून.

किंमत कोण मोजतो?

१९०५चा प्रश्न आज वेगळ्या रूपात उभा आहे. मैदानावरचे मृत्यू घटले, पण डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांचे परिणाम अनेक वर्षांनी दिसतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २०१७मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मृत्यूनंतर मेंदू दान केलेल्या माजी फुटबॉलपटूंपैकी ज्यांचा खेळ महाविद्यालयापर्यंतच झाला होता, अशा ५३ जणांपैकी ४८ जणांत मेंदूच्या ऱ्हासाचा सीटीई हा विकार आढळला. ज्यांना आधीच त्रास जाणवत होता, त्यांच्याच कुटुंबांनी प्रामुख्याने मेंदू दान केले असल्याने हे प्रमाण सर्व खेळाडूंना लागू होत नाही. तरीही सरावातील धडका कमी करण्याची मागणी त्यातून बळावली. एनसीएएने २०१७मध्येच हंगामपूर्व काळातील एका दिवसात दोनदा धडकांचा सराव घेण्याची पद्धत बंद केली.

दुसरा प्रश्न पैशाचा. तिकिटे, दूरचित्रवाणीचे हक्क आणि देणग्या यांतून मोठ्या विद्यापीठांना अफाट उत्पन्न मिळते. होमकमिंग हा तर देणगीदारांना भेटण्याचा मुहूर्तच. खेळाडूंना मात्र दीर्घकाळ शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळत नसे. २१ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एकमताने एनसीएएविरुद्ध निकाल दिला. १ जुलै २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या व छायाचित्राच्या जाहिरातीतून कमाई करण्याची मुभा मिळाली. जून २०२५मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. २०२५-२६ या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठामागे ही मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर इतकी ठरली. मोठ्या संघांतील नामवंत खेळाडूंचे दिवस त्यामुळे पालटले. नक्कल तुकडीतील मुलाच्या किंवा लहान महाविद्यालयाच्या खेळाडूच्या आयुष्यात मात्र फारसा फरक पडलेला नाही.

भारतात का नाही? बुऱ्हाणपूरचे उदाहरण

भारतात माजी विद्यार्थ्यांचे मेळावे होतात. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी नॅक संस्थाही माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला स्वतंत्र गुण देते. पण मेळावा सभागृहात होतो आणि त्यात मुख्यतः भाषणे असतात. मैदानाभोवती माणसे जमत नाहीत. त्याचे एक कारण आपल्या महाविद्यालयीन खेळाच्या रचनेत आहे.

अमेरिकेत संघ एकमेकांच्या घरी जाऊन खेळतात. आपल्याकडे स्पर्धा एका यजमान संस्थेच्या मैदानावर भरते, सर्व संघ तेथे जातात आणि हरणारा घरी परततो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो भारतीय विद्यापीठ संघाच्या विभागीय स्पर्धेत उतरतो आणि तेथून अखिल भारतीय स्पर्धेत जातो. या पद्धतीत एखादा महाविद्यालयीन संघ आपल्या गावच्या मैदानावर एकही अधिकृत सामना न खेळता हंगाम संपवू शकतो. घरचा सामनाच नसेल तर त्यासाठी घरी येणार कोण?

मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर हे या अडचणीचे बोलके उदाहरण आहे. तापीकाठचे, यंत्रमागांचे आणि केळीच्या बागांचे हे शहर महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे. २००३मध्ये ते जिल्ह्याचे ठिकाण झाले. शहरात व भोवतालच्या खेड्यांत मराठी बोलली जाते, सोयरिकी सीमेपलीकडच्या जळगाव जिल्ह्यात होतात. रावेर आणि भुसावळ ही गावे रेल्वेने हाकेच्या अंतरावर आहेत. पण रावेर-भुसावळची महाविद्यालये जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत येतात, तर बुऱ्हाणपूरची मध्य प्रदेशातील विद्यापीठाच्या. अधिकृत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत या शेजाऱ्यांची गाठ पडत नाही. गाठ पडलीच तर विद्यापीठांचे निवडक संघ पश्चिम विभागीय स्पर्धेत भेटतात, त्याच विभागात जेथे गोवा विद्यापीठाचा संघही उतरतो.

म्हणजे मिसुरी-कॅन्ससला १९११मध्ये जे लाभले, ते इथे नकाशावर आहे पण वेळापत्रकात नाही. सीमेच्या दोन बाजूंना दोन गावे आहेत, जुनी ओळख आहे, एकमेकांवर मात करण्याची हौसही असेल. एक मैत्रीपूर्ण वार्षिक सामना ठरवायला कोणत्याही विद्यापीठाची परवानगी घेऊन स्पर्धा भरवावी लागत नाही. मैदान, न बदलणारी तारीख आणि माजी विद्यार्थ्यांची पत्त्यांसह यादी एवढे पुरते. शिक्षणासाठी व नोकरीसाठी इंदूर, पुणे, मुंबई गाठणारी मुले ज्या गावांतून सतत बाहेर पडतात, तेथे अशा तारखेचे मोल अधिक आहे.

गोव्याची गोष्ट निराळी. येथे फुटबॉल आला तोच शिक्षणाच्या वाटेने. १८८३मध्ये शिवोली येथे आलेल्या फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी मुलांना हा खेळ शिकवला, असे मानले जाते. २०१२मध्ये फुटबॉलला राज्यक्रीडेचा दर्जा मिळाला. पण मधल्या काळात गोमंतकीयाची निष्ठा गावाच्या संघाशी आणि क्लबशी जडली, महाविद्यालयाशी नव्हे. फेस्ताच्या किंवा जत्रेच्या दिवसांत परदेशातून आलेला माणूस गावच्या मैदानाच्या कडेला उभा राहून पुतण्याचा खेळ पाहतो, तेव्हा त्याला कोणी होमकमिंग म्हणत नाही.

अमेरिकेतील प्रथेतून घेण्यासारखे आहे ते माणसांना नावानिशी बोलावण्याचे आणि तारीख पाळण्याचे व्रत. टाळण्यासारखे आहे ते पाहुण्यांच्या हौसेखातर मुलांच्या डोक्यावर, गुडघ्यांवर आणि परीक्षांवर पडणारे ओझे. सामना संपल्यावर माजी विद्यार्थी आपापल्या गावी निघून जातात. संघातील मुलांना सोमवारी सकाळी पुन्हा वर्गात बसायचे असते.